खिडकीतला कप

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — तिच्यापुढं माझी जी काय उरलीसुरली अब्रू आहे, ती कशाला घालवू? तुम्हाला सांगतो.

दारव्ह्याकडच्या एका शाळेत मास्तर आहे मी. पालकसभेत माझं एक ठरलेलं वाक्य — लेकरं ऐकून शिकत नाहीत, पाहून शिकतात. काय टाळ्या पडतात! समतेवर भाषण ठोकायचं असलं, की गावात पहिलं बोलावणं मलाच. आवाज भारी आहे ना. रिकाम्या पिंपाचाही असतो.

तर — कप. आमच्या घरी हिरव्या काठाचा एक कप होता. माझा मित्र सुधाकर रविवारी आला, की त्याला चहा त्याच कपात. सुधाकर बौद्ध; आम्ही कोण, ते कळलंच असेल. आई हाती येईल त्या कपात चहा ओतायची, मी मधेच कप बदलायचो. तो गेला की मी — हो, मीच, ह्याच हातांनी — तो कप वेगळा विसळून खिडकीत पालथा घालायचो. मांडणीवर नाही. कोणी शिकवलं? तोंडानं कोणीच नाही. वडील असंच करायचे, मी बघायचो. वर स्वतःला सांगायचो, त्याचा आवडता कप आहे तो! गाढवालाही पटलं नसतं. मला पटायचं.

आई त्याला "बापू, जेवूनच जाय" म्हणून अडवायची. तो तिला मावशी म्हणायचा. पाया पडल्याशिवाय निघत नसे.

एका रविवारी सुधाकरनं चहा संपवला, कप स्वतःच विसळला आणि मांडणीवर ठेवायला गेला. माझी चार वर्षांची पोरगी धावत आली.

"काकाजी, तिथं नाही! तुमचा खिडकीत राह्यते."

सुधाकरनं माझ्याकडं पाहिलं. तेव्हा हा भाषणवाला काय बोलला असेल?

"आईचं हाये रे. जुनं माणूस. सांगून सांगून थकलो."

आई तिथंच मेथी निवडत बसली होती. तिचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले. तिनं मला खोटं पाडलं नाही. का नाही? — मी कधी विचारलं नाही. विचारायला तोंड लागतं.

त्यानंतरही सुधाकर यायचा, पण अंगणातूनच बोलून जायचा. आई दारात येऊन उभी राहायची. तो खाली बघायचा. पाया पडणं बंद.

मागच्या वर्षी आई गेली. सुधाकर फुलं घेऊन आला आणि फाटकापाशीच थांबला. मी बाहेर गेलो. त्यानं फुलं माझ्या हातात दिली.

"तूच ठेव, भाऊ. मावशीले चाललं नसतं."

मी फुलं घेतली. आत जाऊन तिच्या पायाशी ठेवली.