दोनशे बारा पानांपर्यंत

जेवणं झाली आहेत. प्रमिलाबाई दिवाणावर आडव्या झाल्या आहेत आणि उशाशी ते पुस्तक आहे. सकाळी कपाट आवरताना सुनेनं विचारलं होतं, "आई, हे रद्दीत घालू का? चारला रद्दीवाला येतोय." प्रमिलाबाईंनी ते तिच्या हातातून काढून घेतलं. सहा वर्षांत त्यांनी ते उघडलेलं नाही. आत्ताही उघडवत नाही. पंखा फिरतोय, स्वयंपाकघरातली भांडी हळूहळू लांब जातायत, आणि डोळा लागतो न लागतो तोच पायाशी कुणीतरी बसतं.

"सरक जरा," वन्सं म्हणतात.

दुर्गावन्सं म्हणजे थोरली नणंद. टेलिफोन खात्यात नोकरी केली, लग्न केलं नाही, जन्म याच घरात काढला आणि सहा वर्षांपूर्वी गेल्या. आज त्यांच्या मांडीवर सूप आहे आणि सुपात मेथीची जुडी.

"झालं का वाचून?"

"कसं होईल? एकटीनं पुढं वाचायचं नाही असं ठरलं होतं ना आपलं."

ठरलं होतं खरं. दुपारी प्रमिलाबाईंनी मोठ्यानं वाचायचं आणि वन्संनी भाजी निवडत ऐकायचं. या दिवाणावर चाळीस वर्षांत किती खून पडले याची मोजदाद नाही. भूत यायची वेळ झाली की प्रमिलाबाईंचा आवाज बसायचा आणि वन्सं हसायच्या, "भित्री भागूबाई कुठली."

"पण फार संथ गं हे पुस्तक," वन्सं म्हणतात. "शंभर पानं झाली तरी मुडदा नाही. फौजदार नुसता चहा पितो आणि नळ ठिबकतो."

"तुम्हालाच आवडायचं. घाईच्या पुस्तकात मेथीच्या काड्या राहून जातात, म्हणायचात."

"आवडायचंच. त्या नळाइतकी भीती कुठल्या भुतानं नाही घातली."

आता सूप लायब्ररीच्या टेबलावर आहे. दोघी जिथून पुस्तकं आणायच्या ती मिरजेची जुनी लायब्ररी कधीच बंद पडली, पण खाकी कव्हरं घातलेली पुस्तकं छतापर्यंत तशीच आहेत. दोन कपाटांमधली वाट असायला हवी त्याहून लांब आहे. कुठंतरी नळ ठिबकतोय, फरशी ओली आहे. वाट संपते तिथं पुस्तकातल्या डाकबंगल्याचा माडीवरचा व्हरांडा आहे. एक बंद दार, आणि पाठमोरा फौजदार. त्याचा हात कडीवर आहे.

"हा अजून इथंच?" प्रमिलाबाई कुजबुजतात.

"जाईल कुठं? दोनशे बाराव्या पानावर तू थांबलीस. सहा वर्षं असाच उभा आहे बिचारा. चहासुद्धा नाही."

प्रमिलाबाईंना हसू येतं, आणि हसता हसता ते थांबतं. कुणालाच न सांगितलेली गोष्ट त्या बोलून टाकतात.

"वन्सं, डॉक्टरांनी तसं सांगितल्यावर मी मुद्दाम सावकाश वाचायला लागले. आधी दिवसाला वीस पानं व्हायची. मग चार, मग दोन. वाटलं, पुस्तक संपेपर्यंत तुम्ही काही जात नाही."

वन्सं मेथीचं मूळ तोडतात. "मला कळत नव्हतं होय? एकच उतारा दोन-दोनदा वाचायचीस."

"आणि तरी गेलात. त्या दाराआड कोण आहे हे न कळताच गेलात. माझ्यामुळं."

"न कळता गेले असं कुणी सांगितलं तुला?"

नळ ठिबकतो.

"तू आंघोळीला गेली होतीस," वन्सं खाली बघत म्हणतात. "तेवढ्यात मी शेवटचं पान वाचलं. जन्मात एकदाच. तुझ्या चालीनं माझे दिवस पुरले नसते गं. आणि दाराआडचं कळल्याशिवाय झोप लागेना. भीती वाटायची."

"तुम्हाला?"

"का? भीतीचा मक्ता तूच घेतलायस?"

"मग कोण आहे दाराआड?"

"मी नाही सांगणार. वाच की. पण मोठ्यानं वाच."

फौजदार एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतो.

खाली सायकलची घंटा वाजते. चार वाजलेत. स्वयंपाकघरातला नळ ठिबकतोय आणि पुस्तक प्रमिलाबाईंच्या छातीवर पालथं पडलंय. त्या उठून बसतात आणि मागच्या बाजूनं ते उघडतात. शेवटच्या पानाशी केसांतला एक काळा आकडा आहे. त्याचा एक पाय वाकडा आहे. विचार करताना वन्सं अंबाड्यातला आकडा काढून असाच वाकवत बसायच्या. कागदावर त्याच्या गंजाची तांबूस रेघ उमटली आहे.

प्रमिलाबाई तळव्यानं मजकूर झाकतात. एक अक्षरही वाचत नाहीत.

"आई, देऊ ना पुस्तक?" सून दारात उभी आहे. "तो खाली थांबलाय."

"नको. मेथी आणली आहेस ना? इकडंच घेऊन ये निवडायला. बस जरा."

सून सूप घेऊन पायाशी बसते. प्रमिलाबाई तो आकडा आपल्या अंबाड्यात खोवतात, चष्मा लावतात, दोनशे तेरावं पान काढतात आणि घसा खाकरून वाचायला लागतात. पहिल्याच ओळीला त्यांचा आवाज बसतो.