भावाची हमी

न्यायालयानं माझ्या धाकट्या भावाला निर्दोष ठरवलं आणि मी त्याला खऱ्या अर्थानं भ्यायला लागले. तो तुरुंगात होता तोवर मला त्याची नुसती दया यायची. मधे गज असले की दया करणं सोपं जातं.

त्यानं जे केलं ते कुणीच नाकारत नव्हतं. चाकणच्या एका कारखान्यात तो मशीन दुरुस्तीला होता. कामाला चोख, बोलायला कमी. मग त्याला वाटायला लागलं की आमच्या बाबांना कुणीतरी पळवून नेलंय आणि त्यांचा चेहरा घेऊन घरात दुसराच माणूस राहतोय. आम्ही आधी हसलो, मग त्याच्यावर ओरडलो, मग डॉक्टरांकडे नंबर लावला. त्या नंबराच्या आदल्या दिवशी सकाळी, चहा पीत बसलेल्या बाबांना त्यानं पान्यानं मारलं. बाबा वाचले. त्यांचा डावा हात मात्र आता खांद्याच्या वर जात नाही.

"कायदा कृत्य नाकारत नाही," वकिलांनी मला समजावलं होतं. "मारलं हे धरूनच चालतो. फक्त विचारतो, मारताना आपण काय करतोय, ते चूक आहे, हे त्याला कळत होतं का?"

"माझ्या बाबांना मात्र मार खाताना सगळं कळत होतं," मी म्हणाले. वकिलांनी फाईल बंद केली.

निर्दोष सुटला म्हणजे घरी आला, असं नसतं. त्याला मनोरुग्णालयात ठेवलं. बऱ्याच काळानं तिथल्या डॉक्टरांनी कळवलं की औषधं लागू पडलीत, याला आता घरी नेता येईल. पण नातेवाइकानं न्यायालयात हमी द्यायची, की हा स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार नाही असं आम्ही बघू. आई गेलेली. बाबा म्हातारे आणि माझ्याच घरी, चिंचवडला. म्हणजे हमी मी द्यायची. नाही दिली तर तो तिथेच राहणार, ज्यांना न्यायला कुणी येत नाही त्यांच्यात. दिली तर माझ्या दहा वर्षांच्या मुलीच्या शेजारच्या खोलीत.

नवऱ्याला विचारलं. "तू म्हणशील तसं," तो म्हणाला. याचा अर्थ, काही झालंच तर तूच म्हणाली होतीस. सोसायटीचे चेअरमन घरी येऊन चहा पिऊन गेले. "ताई, आमचं काही म्हणणं नाही, पण लहान मुलं आहेत." त्यांचं काही म्हणणं नव्हतं तर लिफ्टची वाट न बघता तीन मजले चढून कशाला आले होते, देव जाणे.

बाबांना विचारायची हिंमत होत नव्हती. त्यांनीच विषय काढला. "मला मारलं त्यो कोण व्हता, मला ठाव न्हाई. तिथं दवाखान्यात बसलाय त्यो माझा हाय. त्याला आण." एवढं बोलून ते उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर ठेवायला लागले. मला रडू आलं आणि रागही आला. माफ करायला बापाचं काय जातं? दार लावून झोपायचं मला होतं.

त्या आठवड्यात मी घरभर वेड्यासारखी फिरले. विळी माळ्यावर टाकली. सुऱ्या शेजारणीकडे दिल्या. मग वरवंटा दिसला, मग इस्त्री, मग खिडकीचा सुटा गज. घरात मारायच्या कामाला न येणारी वस्तू शोधायला गेले तर उशी तेवढी सापडली. थोड्या वेळानं उशीचाही भरवसा वाटेना.

न्यायालयात वकिलांनी बजावलं होतं, भीती वाटते का विचारलं तर नाही म्हणा. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी तेच विचारलं.

"वाटते," मी म्हणाले.

वकिलांनी माझ्याकडे असं बघितलं की बस.

"आणि तरी नेताय?"

"हो. इथं खोटं बोलून नेलं, तर घरी कुणाशी खरं बोलू?"

त्यांनी अटी लिहिल्या. औषधं चुकवायची नाहीत, दर महिन्याला डॉक्टरांना दाखवायचं, काही वेगळं वाटलं तर लगेच कळवायचं. मी सही केली.

घरी आणलं त्या दुपारी तो खुर्चीच्या टोकावर बसला, पाहुणा बसतो तसा. औषधांनी सुजलेला, हळू झालेला. वाटेत दुकानात थांबून त्यानं कडीकोयंडा, कुलूप आणि स्क्रू घेतले होते. कशाला म्हणून विचारायचं धाडस मला झालं नव्हतं. आता त्यानं स्क्रू ड्रायव्हर मागितला. मी दिला आणि मुलीचं मनगट धरून उभी राहिले. माझं सगळं लक्ष त्या टोकाकडे. त्यानं आपल्याच खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवली, कुलूप अडकवून बघितलं आणि किल्ली माझ्यापुढे धरली.

"तुला कोंडून ठेवू का मी?" माझा आवाज चढला.

"ताई, कंपनीत मशीन उघडायच्या आधी स्विचला कुलूप लावतात, मधेच ते चालू होऊ नये म्हणून. आत ज्याचा हात, किल्ली त्याच्या खिशात. दुसऱ्या कुणाकडे द्यायची नाही."

"मग?"

"इथं मशीन मी. आत हात तुझा आहे. जेव्हा तुला वाटेल तेव्हा लावायचं. मला विचारायचं नाही."

तो खोलीत गेला, दार ओढून घेतलं आणि आतून म्हणाला, "आता लावून बघ."

मी लावलं. लाज वाटायला हवी होती. बरं वाटलं.

तेवढ्यात आतून दारावर जोराचा धक्का बसला. चौकट हादरली. मी किंचाळून मुलीला मागे ओढलं. पुन्हा धक्का, अंगाचा सगळा भार टाकून. कडी जागची हलली नाही.

"भिऊ नको. कुलूप लावल्यावर एकदा मशीन चालू होतंय का बघायचं असतं," तो दारापलीकडून म्हणाला. त्याचा आवाज माझ्याइतकाच कापत होता. "नाही होत, ताई. पक्कं आहे."