मिस्त्रींचं नाक

"आधी पुसू, मंग बोलू."

ट्रकच्या मागच्या एक्सलमधून तेल गळतंय अशी तक्रार घेऊन कोणीही आलं, की मिस्त्रींचं पहिलं वाक्य हेच. मग ते गाडीखाली सरकत, ओल्या जागी बोट फिरवत आणि ते बोट नाकाजवळ नेऊन डोळे मिटत. सुगरणीनं फोडणीचा अंदाज घ्यावा तसे. मालक बिचारा बाहेर उभा राहून घाम पुसत असे.

पांढरकवड्याला हायवेच्या कडेला त्यांचं टिनाचं शेड होतं. तुमच्यापैकी कोणी जुना ट्रक पाळला असेल, तर असं शेड आणि असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. मी जिनिंगमधून कापसाच्या गाठी वाहतो. माझ्या गाडीचं वय विचारू नका, तिला राग येतो.

मिस्त्रींची पद्धत त्यांची स्वतःची होती. एक्सल डिझेलनं धुवायचा, कोरडा करायचा आणि त्यावर पांढरी रांगोळी फासायची. मग गाडी दहा किलोमीटर फिरवून आणायची. रांगोळी जिथं आधी काळी पडेल, तिथं गळती. "तेल टपकते तेथूनच निघते असं नाही, भाऊ. वाऱ्यानं मांगं पळते थे." रांगोळी फासलेली माझी गाडी चहाच्या टपरीवर थांबली, की लोक विचारत, "लग्नाले निघाली का बाप्पा?"

एकदा माझ्या एक्सलचं तेल अडवणारं सील दुसरीकडे तीनदा बदलून झालं, तरी गळती थांबेना. मिस्त्रींनी सीलला हातच लावला नाही. एक्सलमधली गरम हवा बाहेर सोडणारी एक छोटी नळी असते, तिच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. हवा कोंडायची आणि तेलाला सीलमधून बाहेर ढकलायची. तारेनं ती माती काढताना मिस्त्री हळहळले. "आपली गाडी सुधरली, पन हिचं घर मोडलं ना."

मग दोन वर्षांपूर्वी त्यांना मोठा ताप आला. बरे होऊन शेडमध्ये परतले, त्याच आठवड्यात मी गेलो तर स्टोवरचा चहा जळून कोळसा झाला होता आणि मिस्त्री शेजारीच बसून नट-बोल्टचे पाने पुसत होते. मी स्टो बंद केला. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाक गेलं माह्यं," ते म्हणाले. "कोनाले सांगू नको."

मी शब्द दिला. पुढेही ते गिऱ्हाइकासमोर बोट नाकाजवळ नेत, डोळे मिटत. मला ते बघवत नसे. पण रांगोळी होती, डोळे होते, हातांत तीस वर्षांची सवय होती. निभून जात होतं.

जुन्या गाडीत एक्सलचं तेल आणि ब्रेकचं तेल चाकाच्या आतल्या बाजूला मळून सारखंच काळं दिसतं. एक्सलचं थोडं गळालं तर चार दिवस ढकलता येतात. ब्रेकचं गळत असेल तर उतारावर जीव जातो. फरक सांगतो तो वास.

त्या दिवशी सोयाबीन भरलेला ट्रक आला. ड्रायव्हर घाईत, रांगोळीला थांबायला तयार नाही. मिस्त्रींनी बोट फिरवलं, डोळे मिटले. "एक्सलचंच हाय. माल खाली करून ये, मंग पाहू."

ड्रायव्हर चढायला निघाला. मी वाकून त्याच चाकाला बोट लावलं आणि नाकाजवळ नेलं. एक्सलच्या तेलाला सडका, उग्र वास असतो. तो नव्हता.

"मिस्त्री, हे ब्रेकचं तेल हाय!" मी ओरडलो. "वास येत नाही तं सांगता कायले?"

शेडमध्ये सहा-सात माणसं होती. मिस्त्रींनी जॅक लावला, चाक उतरवलं, ब्रेकचा ड्रम काढला. आतून ब्रेकचं तेल झिरपत होतं. दुपारभर खपून त्यांनी काम पूर्ण केलं. जाताना ड्रायव्हरनं हात जोडले, ते मला.

दुसऱ्या दिवशी गेलो तर मिस्त्री पाने पोत्यात भरत होते.

"बरं केलं तू," ते म्हणाले. "मानूस वाचला." मग पोत्याचं तोंड बांधता बांधता म्हणाले, "मले बाजूले घेतलं असतं ना, तं म्याच सांगतलं असतं त्याले."

ट्रक काही दोन मिनिटांत पळून जाणार नव्हता. घाबरून ओरडलो असं मी सगळ्यांना सांगतो, आणि ते खोटं नाही. पण जे मिस्त्रींना कळलं नाही ते मला कळलं, याचा त्या क्षणीही मला आनंद झाला होता. त्याची लाज अजून जात नाही.

मिस्त्री शेड बंद करून दारव्ह्याला लेकीकडे गेले. महिन्यातून दोनदा माझी गाडी तिथूनच जाते. घर कुठं आहे ते मला माहीत आहे. मी थांबत नाही.

परवा त्यांच्या लेकीचा फोन आला. "काका, बाबा इचारून राह्यले, तुमची गाडी कशी हाय?"

महिनाभरापासून माझा एक्सल गळतोय. अजून कोणालाच दाखवलेला नाही.

"कोरडी ठक्क हाय म्हनाव," मी म्हणालो.