शनिवारचा डाव

ताईचा स्वभाव इस्त्रीसारखा, असं तिच्या हाताखालच्या बायका म्हणत: तापट, पण सुरकुती ठेवणार नाही. एका मोठ्या हॉटेलच्या इस्त्रीखान्यात ती मुकादम होती. चादरीची घडी कोपऱ्याला कोपरा भिडवून झाली नाही, तर ती सगळी गड्डी उलगडायला लावी आणि स्वतः शेजारी उभी राहून घड्या घाली. बोलायला फटकळ, करायला पुढे. अशा माणसाला लोक मान देतात आणि डबा खायला दुसऱ्या बाकावर बसतात. ताईला त्याचं काही वाटत नसे, कारण तिच्याकडे शनिवार होता.

आई गेली तेव्हा मधला भाऊ शाळेत होता आणि धाकटी, घरातलं शेंडेफळ, ताईच्या कडेवर. ताईनं लग्नाचा विचार पुढे ढकलला, तो ढकलता ढकलता जिन्यावरूनच खाली गेला. संध्याकाळची भांडणं थांबवायला तिनं पत्त्यांचा कॅट आणला, आणि खेळता खेळता पत्त्यांना नावं पडली. चौकटचा गुलाम म्हणजे घरमालक, मिशीमुळे. किल्वरची दुर्री म्हणजे उपाशी. इस्पिकची राणी म्हणजे आत्या, जी चार दिवस राहायला आली आणि जाताना आईचं शिवणयंत्र घेऊन गेली. नाव एकानं काढायचं, टेबलावरचे सगळे हसले की ते पक्कं. बाहेरच्याला त्यातलं ओ की ठो कळत नसे, आणि तीच तर मजा होती.

पुढे मधला मोटार शिकवायला लागला, त्याचं लग्न झालं. शेंडेफळ चष्म्याच्या दुकानात लागली, वेगळी राहू लागली. तेव्हा ताईनंच फर्मान काढलं, की शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे पत्ते आणि सबबी चालणार नाहीत. "एकदा येणं सुटलं की मग आपण फक्त दवाखान्यात भेटू," ती म्हणायची. सगळे यायचेही. मधला आणि त्याची बायको एका बाजूला, ताई आणि शेंडेफळ दुसऱ्या. शेंडेफळच तिची कायमची भिडू.

खेळतानाही ताई ती ताईच. वाटताना एक पत्ता उलटा पडला, पुन्हा पिसा. कोपरं टेबलावर नकोत. चुकीचा पत्ता टाकलात तर पुढचे दोन डाव ऐकून घ्या.

त्या शनिवारी हुकूम इस्पिकचा होता. मधल्यानं बराच विचार करून इस्पिकची राणी टाकली, आणि शेंडेफळ आपल्या पत्त्यांतून मान वर न काढता म्हणाली, "आली हेडबाई. कोपरं काढा."

मधला खो खो हसला. त्याची बायकोही हसली. मग दोघांचं हसू एकदमच बंद पडलं.

ताई सवयीनं हसायला निघाली होती. "हेडबाई कोण?" तिनं विचारलं. "ही आत्या ना?"

शेंडेफळ लावलेलेच पत्ते पुन्हा लावत बसली. ताईला कळायला वेळ लागला नाही. नाव टेबलावर पडतं, आणि हे या टेबलावर पडलेलं नव्हतं.

"कुठे बसता?"

"तसं काही नाही गं, ताई," मधला म्हणाला. "बुधवारी आमच्याकडे, सहज. कधीतरी."

"दर बुधवारी," त्याची बायको हळूच म्हणाली. तिला खोटं जमत नसे. एरवी हा तिचा गुण ताईला आवडायचा.

"चौथं कोण?"

"शेजारचे कंपाउंडर."

"त्यांना उपाशी माहीत आहे? घरमालक?"

मधल्यानं मान डोलावली. ताईला सगळ्यांत जास्त लागलं ते हे. हेडबाई म्हणतात तर म्हणोत, इस्त्रीखान्यात याहून वाईट म्हणतात. पण कंपाउंडर आयत्या बिळावर नागोबा होऊन तिच्या खुर्चीत बसत होते, आणि तिच्याच घरातल्या नावांवर हसत होते.

"नाव कुणी काढलं?"

"मी," शेंडेफळ म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तिथे चुकलं तरी कुणी बोलत नाही गं. हसायला मिळतं. इथे मला अजून परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

म्हणजे केसानं गळा कापला तो भिडूनंच. शेंडेफळ बोलली ते खरं होतं. हेच आधी तोंडावर सांगितलं असतं तर ती भडकली असती, दोन दिवस अबोला धरला असता, आणि तिसऱ्या दिवशी कोपरं टेबलावर ठेवू दिली असती. पण कुणी सांगितलंच नाही. ते दर शनिवारी येऊन मुकाट्यानं कोपरं काढत राहिले, आणि ती त्याला माया समजत राहिली. तिला रडू येत नव्हतं. आपल्याला फसवलं याचा राग येत होता, आणि तो काढायला समोर तिनं वाढवलेलीच माणसं होती.

डाव अर्धा राहिला होता. तिनं इस्पिकचा राजा टाकला. बाकीच्या दोघींनी पत्ते टाकले. ताईनं हात स्वतःकडे ओढला आणि ते चार पत्ते कोपऱ्याला कोपरा लावून ठेवले.

"ताई, तूही ये ना बुधवारी," शेंडेफळ म्हणाली. "खरंच ये."

"हो, ये की," मधला म्हणाला.

ताईनं तिघांकडे एकेक करून पाहिलं.

"येईन," ती म्हणाली. "मग तुम्ही कुठल्या वारी बसाल?"