यमकमास्तरांची एकच ओळ

गल्लीत त्याला सगळे यमकमास्तर म्हणत. धंद्यानं शिंपी, पण जीभ सुईहून तेज. "मास्तर, पॅंट कधी मिळेल?" असं विचारलं की उत्तर तयार, "शुक्रवारी या, दोन बोटं जास्त ठेवतो, पोट वाढू द्या!" गिऱ्हाईक हसत घरी जायचं आणि शुक्रवारीही तसंच हात हलवत परतायचं.

वडील प्रवचनकार. चाळीस वर्षं या सभागृहातून त्या सभागृहात बोलत फिरले. दर चार वाक्यांनी मान वर करून विचारायचे, "ऐकताय ना, मंडळी?" घोरणारी मंडळीसुद्धा दचकून "ऐकतोय!" म्हणायची. आता ते मशीनशेजारी खुर्चीत बसून असत. आठवण पार विरलेली. पोटच्या पोराला विचारत, "अहो शिंपीदादा, आमच्या मुलाचा सदरा झाला का?"

"होतोय, बाबा," मास्तर म्हणायचा. दुसरं काय म्हणणार?

एकदा पायडल मारता मारता त्याच्या तोंडून ओळी निघाल्या. पावलाच्या ठेक्यावर आठ-आठ अक्षरं:

फाटकी छत्री हातात,
शब्द मोजके डोक्यात,
चाळीस वर्षं बोलला,
एकटा घरी चालला...

आणि खुर्चीतून व्यासपीठावरचा तो जुना आवाज आला, "ऐकताय ना, मंडळी?"

मास्तरचा पाय थांबला. "ऐकतोय, बाबा!"

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "जेवलास का रे पोरा?"

संपलं! त्या दिवसापासून मास्तरनं कवितेचा कारखानाच काढला. कापड बेतायच्या खाकी कागदांवर कडव्यामागून कडवं, आणि प्रत्येकाच्या शेवटी बाबांची तीच ओळ, "ऐकताय ना, मंडळी?" ती मात्र तो म्हणायचा नाही, बाबांसाठी सोडायचा. खरं तर बाबांच्या आयुष्यात एवढं घडलं होतंच कुठे? छत्रीवर नऊ कडवी झाली, चपलांवर सात. पण एक कडवं म्हणजे बाबांची एक हाक. कधी कधी हाकेमागून "पोरा"ही यायचं.

"बाबांना जगायला लागला नाही एवढा वेळ तुम्हाला सांगायला लागतोय," बायको टोमणा मारायची. तोवर कडवी एकशे चाळीस झाली होती.

तिच्या भावाचा छापखाना. त्यानं गठ्ठा चाळला. "दाजी, तुम्ही तर कवी निघालात! पुस्तक करू. पण ही एकच ओळ एकशे चाळीस वेळा? वाचणारा म्हणेल, मशीनमध्ये दोरा अडकला. पहिल्या कडव्याखाली ठेवू, बाकीच्या काढून टाकू."

कवी म्हटल्यावर मास्तर असा फुगला की सदऱ्याची बटणं तुटायची बाकी होती. गिऱ्हाइकाचं माप घेताना चारदा टेप लावणारा माणूस, इथे न मोजता कात्री चालवायला हो म्हणाला. वर ठरवलं, आता बाबांना एकदम छापील पुस्तकातूनच ऐकवायचं. तीन आठवडे दुकानात नुसतं पायडल वाजत राहिलं. बाबा मधूनच मान वर करायचे आणि पुन्हा खाली घालायचे.

पुस्तक आलं. मास्तरनं इस्त्रीचा सदरा घातला, चष्मा लावला, वाचायला घेतलं. पहिलं कडवं झालं. "ऐकताय ना, मंडळी?" बाबा म्हणाले. जरा चाचरत, पण म्हणाले. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी त्यांनी तोंड उघडलं, तोवर मास्तर तिसऱ्यावर पोचलाही होता. छापील अक्षरांतून त्याची नजर निघेना. दाराशी उभी राहून बायको बघत होती, म्हातारा दर कडव्याला तोंड उघडतोय आणि मिटतोय. शेवटी तीच म्हणाली, "अहो, जरा थांबा की! बाबांकडे बघा."

मास्तरनं वर पाहिलं. तोंड मिटलेलं होतं. त्यानं घाईनं पुस्तक बाजूला टाकलं, पायडल धरलं, छत्रीचं कडवं पाठ म्हटलं आणि थांबला. मग स्वतःच ओळ सुचवली, "ऐकताय ना, मंडळी...?"

बाबा सभ्यपणे हसले. "छान वाचता तुम्ही. कोणाबद्दल आहे?"

त्यानंतर रोज त्यानं तेच कडवं म्हटलं, रोज शेवटी जागा सोडली. हिवाळ्यात खुर्चीही रिकामी झाली.

परवा एक जुनं गिऱ्हाईक आलं. "मास्तर, पॅंट कधी?"

"शुक्रवारी."

पुढचं येईल म्हणून ते बिचारं हसऱ्या तोंडानं उंबऱ्यात थांबून राहिलं. मास्तर खाली मान घालून शिवत होता.