चावी खिशात ठेवणारे मिस्त्रीचाचा

मिस्त्रीचाचा जेवायला बसायचे ते हवेची चावी खिशात घालून. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, तेव्हाची गोष्ट. मलकापुरात एका जिनिंग प्रेसची लोखंडी शेड उभी राहत होती. तापलेले रिव्हेट ठोकायला ठेकेदाराने मुंबईहून हवेवर चालणारा हातोडा आणला होता, आणि त्याला हवा पुरवणारं इंजिन सांभाळायला मी सोनाळ्याहून आलो होतो. इंजिनापाशी हवेची तोटी होती, तिला पितळी चावी. जेवणाची सुट्टी झाली की चाचा तोटी बंद करत, नळीत उरलेली हवा जमिनीकडे सोडून देत, चावी काढून बंडीच्या खिशात टाकत आणि मगच भाकरीचं फडकं सोडत. मिस्त्री हवा खिशात घेऊन फिरतो, असं म्हणून लोक हसायचे. त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही.

चाचा धामणगाव बढ्याचे. घरचा धंदा बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवण्याचा. तरुणपणी मुंबईच्या गोदीत जाऊन हा हवेचा हातोडा शिकले आणि त्याच्या कडकडाटात डावा कान घालवून आले. पण त्या गेलेल्या कानाचाही त्यांनी उपयोग करून घेतला होता. ठेकेदाराचं बोलणं पटलं नाही की ते वाद घालत नसत. शांतपणे मान वळवून त्याला डावा कान देत.

सकाळी त्यांची पूजा ठरलेली. हवेच्या टाकीच्या बुडाशी साचलेलं पाणी सोडायचं, नळीतली धूळ हवेने उडवायची, जोडाला बांधलेली तार ओढून बघायची, तेलाचे चार थेंब टाकायचे. मग हातोड्याच्या तोंडातला ठोकणा. हा मुठीएवढा पोलादी तुकडा रिव्हेटवर आपटायचा, आणि तो बाहेर उडू नये म्हणून त्याला एक स्प्रिंग धरून ठेवायची. चाचा ती स्प्रिंग बोटाने चाचपल्याशिवाय हवा मागत नसत. मी एकदा घाई केली, तेव्हा म्हणाले, "घन माणूस उचलते, तं तो माणसाचं आयकते. याच्यात हवा आहे बे. हवा कोणाचंच आयकत नाही."

दिवाळी जवळ आली. कापूस यायची वेळ झाली, शेड अर्धीच होती, आणि नेमकी ती स्प्रिंग तुटली. मुंबईहून दुसरी यायला आठ दिवस लागणार होते. ठोकणा रिव्हेटवर दाबून धरला तर उडेल कशाला, असं ठेकेदाराचं म्हणणं. चाचांनी हातोडा खाली ठेवला.

"स्प्रिंग आल्याबिगर मी हात लावत नाही," ते म्हणाले, "अन् कोणाले लावूही देत नाही."

चावी खिशात गेली. ठेकेदाराने ती मागितली, तर त्याच्यापुढे डावा कान आला.

मग ठेकेदार माझ्याकडे वळला. एक जादा चावी माझ्यापाशी असे. तोटी उघड, नाहीतर गाठोडं उचलून सोनाळ्याला चालू लाग, असं त्याने सुनावलं. बायको गरोदर होती. मी तोटी उघडली. त्याची मला आजही लाज वाटते.

समोर पत्र्याच्या आडोशाला वाळू वाहणाऱ्या बाया पाण्याच्या मडक्याभोवती टेकल्या होत्या, तिकडे चाचा तरातरा गेले आणि त्यांना उठवून लांब नेलं. बाया कुरकुरल्या. इकडे दुसऱ्या कारागिराने हातोडा उचलला आणि रिव्हेटपर्यंत नेता नेताच त्याच्या बोटाने हवा सोडायचा घोडा दाबला गेला. ठोकणा सुटला, पत्र्यातून आरपार गेला. धावत जाऊन पाहिलं तर मडक्याच्या खापऱ्या झाल्या होत्या. वाळूत त्या बायांच्या बसण्याच्या खुणा तशाच होत्या.

ठेकेदाराने माफी मागायची, तर त्याने त्याच दुपारी चाचांनाच काढलं. हा माणसं बिथरवतो म्हणे. चाचा हत्यारं बांधत होते. मी जवळ जाऊन चुकलो म्हणू लागलो, तेव्हा त्यांनी उजवा कान माझ्याकडे केला आणि सगळं ऐकून घेतलं. मग खिशातली चावी काढून माझ्या हातावर ठेवली.

"हे तुह्यापाशी ठेव," ते म्हणाले. "अन् पुढच्या बारीले तोटी उघड म्हणलं, तं डावा कान देजो."

ते धामणगावच्या रस्त्याला लागले. पुन्हा आमची भेट झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदार नवी अक्कल घेऊन आला. ठोकणा गठाणी बांधायच्या तारेने आवळा आणि काम सुरू करा, म्हणाला. माझ्याकडे बघून त्याने हवा सोडायला सांगितलं. मी तोटी बंदच ठेवली, तिची चावी काढली आणि चाचांच्या चावीशेजारी खिशात टाकली. तो जवळ येऊन ओरडू लागला. गाठोडं मी पहाटेच बांधून ठेवलं होतं.

माझे दोन्ही कान तेव्हा ठणठणीत होते. मी मान वळवली आणि त्याला डावा कान दिला.