सक्षमसाहेबांनी परत मागवलेल्या व्हीलचेअर

ज्या माणसाला सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर झाकण कुणी बसवायचं हे तीन सभा घेऊन ठरवता आलं नाही, तो दुसऱ्यांच्या संस्था सुधारायला निघाला, याचं त्याच्या घरात कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. घरात तो कुठलंच काम करत नसे. तेव्हा काम कसं करावं हे बाहेर शिकवायला त्याच्यापाशी भरपूर वेळ होता.

गृहस्थ आधी खाद्यतेलाच्या कंपनीत विक्रीला होते. ती कंपनी बुडाल्यावर एका निवासी शिबिरात त्यांची 'क्षमतावर्धन' या शब्दाशी गाठ पडली आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर माणूस दुसऱ्यांदा प्रेमात पडला. पुढे एका दिवंगत कारखानदाराच्या नावाने चालणाऱ्या प्रतिष्ठानात त्यांना कंत्राटावर नोकरी लागली. प्रतिष्ठान ज्या छोट्या संस्थांना देणग्या देई, त्यांची क्षमता वाढवायची, हे काम. लोक त्यांना सक्षमसाहेब म्हणू लागले. नाव चेष्टेने पडलंय हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं.

त्यांच्या पिशवीत रंगीत कार्डं, जाड पेनं आणि चिकटपट्टी असे. "डोळे मिटा," ते सुरुवातीलाच सांगत, "तुमची संस्था एक प्राणी आहे असं समजा. कोणता प्राणी दिसतो?" संस्थेत सकाळपासून कामाला उभ्या असलेल्या बाया निमूट डोळे मिटत आणि तेवढ्यात एक डुलकी काढून घेत. अभिप्रायात 'फार ताजंतवानं वाटलं' असं त्या अगदी मनापासून लिहीत. साहेबांना वाटे, आपलं सत्र रंगलं.

तर अशा या सक्षमसाहेबांचं कंत्राट महिनाअखेर संपत होतं. पुढे कायम व्हायचं की पुन्हा तेलाचे डबे विकायचे, हे ठरणार होतं एका भेटीवर. प्रतिष्ठानच्या अध्यक्ष बाईसाहेब, म्हणजे त्या कारखानदाराच्या पत्नी, साहेबांनी 'घडवलेली' एक संस्था स्वतः बघायला येणार होत्या. साहेबांच्या वाट्याला आली ती आजाऱ्यांना व्हीलचेअर, वॉकर, कमोडच्या खुर्च्या वगैरे वापरायला देणारी संस्था. बंद पडलेल्या छापखान्याच्या हॉलमध्ये ती एक निवृत्त नर्स चालवायची. तिला सगळे सिस्टर म्हणत. सिस्टर म्हणजे कुणी देवमाणूस नव्हे. ती फोनवर ओरडायची, कुणाचंही ऐकून घ्यायची नाही, आणि तिला सामान पोचवायला एक व्हॅन हवी होती. त्या व्हॅनच्या आशेने तिने सक्षमसाहेबांना दारात उभं केलं, एवढंच.

पहिल्याच दिवशी साहेब हॉलमध्ये शिरले तर हॉल रिकामा. कोपऱ्यात ब्रेक तुटलेल्या दोन खुर्च्या आणि एक लंगडा वॉकर.

"सिस्टर, संस्थेचं सामान कुठाय?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे?"

"बाहेर म्हणजे लोकांच्या बुडाखाली. व्हीलचेअर आणखी कुठे असणार?"

साहेबांनी लगेच एका लाल कार्डावर 'साधनसामग्रीवर नियंत्रण नाही' असं लिहिलं आणि भिंतीवर चिकटवलं. सिस्टरने ते वाचलं आणि ती त्याच भिंतीला टेकून चहा प्यायली.

आता बाईसाहेबांना दाखवायचं काय? रिकामा हॉल? रिकाम्या हॉलकडे बघून कुणी कुणाला कायम करत नाही. दोन दिवस विचार करून त्यांनी तोडगा काढला. असा तोडगा काढायला रीतसर प्रशिक्षणच लागतं, साध्या माणसाला तो सुचत नाही. त्यांनी सगळ्या घरी निरोप धाडला: फेरतपासणीसाठी सर्व साहित्य एक दिवसापुरतं संस्थेत जमा करावं.

"आणि माणसं?" सिस्टरने विचारलं.

"माणसं घरीच राहू देत. हॉलमध्ये गर्दी नको."

सिस्टरने ओरडायला तोंड उघडलं. मग तिला व्हॅन आठवली आणि ती गप्प बसली. इथे तिलाही दोन शब्द सुनवायला हवेत, पण गप्प बसायची तिला सवय नव्हती, त्यामुळे तो दिवस तिला जडच गेला.

संध्याकाळी साहेब घरी आले तर बायको दारातच, हातात फोन.

"अहो, हा काय निरोप आलाय? आईंची व्हीलचेअर परत मागतायत."

"आपली व्हीलचेअर तिथली आहे?"

"मग काय आभाळातून पडली? आईंचा खुबा मोडला तेव्हा मीच रिक्षात घालून आणली. तुम्ही शिबिरात होता. कुणाला तरी सक्षम करत."

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "कुणी मागवलीय गं?"

"तुमच्या चिरंजीवांनी."

"मग देऊन टाक बाई. त्याने काही मागितलं की द्यायचंच, नाहीतर लहानपणी तो गडाबडा लोळायचा."

"आई, एका दिवसाचा तर प्रश्न आहे," साहेब म्हणाले. "आपल्याच घराला सूट दिली तर लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणायचं ते आत्ताच म्हणतायत," बायको म्हणाली. "उद्या आईंना बाथरूमला कसं नेऊ, तेवढं सांगा."

साहेब म्हणाले, यावर सविस्तर बोलू. आणि सकाळी खुर्ची उचलून जिना उतरले. सविस्तर बोलणं राहूनच गेलं.

हॉल मात्र असा सजला की बघत राहावं. खुर्च्या धुतल्या, पुसल्या, उंचीप्रमाणे रांगेत लावल्या. घरोघरच्या बायकांनी शिवलेल्या उशा, पाठीला बांधलेल्या चादरी, हाताला गुंडाळलेल्या चिंध्या साहेबांनी सोडायला लावून एका पोत्यात कोंबल्या, कारण त्याने 'एकसारखेपणा' बिघडत होता. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर सिस्टरने घेणाऱ्याचं नाव लिहिलेली पट्टी होती. त्या पट्ट्या खरवडून तिथे प्रतिष्ठानच्या बोधचिन्हाचे चकचकीत स्टिकर लावले.

बाईसाहेब आल्या. फिरल्या. चष्मा पुसला.

"छान. पण इतक्या खुर्च्या नुसत्या पडून आहेत? म्हणजे गरज फारशी दिसत नाही."

साहेबांचा चेहरा मिठाच्या बाहुलीसारखा विरघळायला लागला. खरं सांगावं तर आपण मूर्ख ठरतो, गप्प राहावं तर संस्था बंद पडते. त्यांनी दुसरं निवडलं. खाली मान घालून ते स्टिकर नीट दाबू लागले.

"पडून?" सिस्टरचा आवाज हॉलभर घुमला. "बाईसाहेब, या आज सकाळी माणसांच्या खालून काढून आणल्यात. तुम्हाला दाखवायला. ह्यांच्या स्वतःच्या आईच्यासुद्धा. ती बिचारी आत्ता पलंगावर अडकून पडलीय."

साहेबांना डोळ्यांपुढे तेलाचे डबे दिसू लागले.

बाईसाहेबांनी विचार केला. त्या विचार करतात तेव्हा त्यांचे सचिव वही काढतात.

"एका निरोपावर सगळ्या परत आल्या? एकही राहिली नाही?"

"नाही," सिस्टर म्हणाली.

"मग हे तर फारच उत्तम! साहित्य परत येतच नाही ही सगळ्या संस्थांची रड असते. आणि स्वतःच्या आईलाही सवलत नाही, याला म्हणतात शिस्त." त्या साहेबांकडे वळल्या. "हा प्रयोग आपण सगळ्या संस्थांत करायचा. दरवर्षी. तुम्हीच करायचा."

सचिवांनी लिहून घेतलं. साहेब कायम झाले. व्हॅनचं विचारल्यावर बाईसाहेब म्हणाल्या की लोक स्वतःच सामान आणून देतात, मग व्हॅन कशाला? सिस्टर यावर जे बोलली ते छापण्याजोगं नाही, पण बाईसाहेब तोवर गाडीत बसल्या होत्या.

संध्याकाळी हॉलच्या दारात घरोघरची माणसं जमली. सगळ्या खुर्च्या सारख्याच चकाचक, सगळ्यांवर तेच बोधचिन्ह. "आमची डाव्या बाजूला ओढते," "आमचं पायठाण वर केलेलं होतं," "अहो ती आमच्या बाबांची, सोडा," असा गलका. सिस्टर पोत्यातून उशा काढून एकेकाच्या अंगावर फेकत होती, "ओळखा आणि पळा!" साहेबांना गर्दी सोसेना. हाताला आली ती खुर्ची उचलून ते निघाले.

घरी येऊन त्यांनी ती पलंगापाशी उघडली. लहान मुलाची होती.

आईने खुर्चीकडे बघितलं, मग मुलाकडे. "मी हिच्यात बसू, का ही माझ्या मांडीवर बसवू?"

"आई, मी कायम झालो," साहेब म्हणाले.

"ते तू जन्मल्यापासून आहेसच. सून दिवसभर मला एकटी उचलतेय, तिची कंबर गेलीय. आता तू उचल."

साहेब पुढे झाले, मागे झाले, डाव्या बाजूने आले, उजव्या बाजूने गेले. शेवटी म्हणाले, "आधी याची एक पद्धत ठरवूया."

"काखेत हात घाल मेल्या," आई म्हणाली. "मला घाईची लागलीय."